पटावरची फौज निवडताना : वसईच्या तटाचा धडा

वसई, प्रतिनिधी : दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की वसई, नालासोपारा आणि विरारच्या बाजारांत मावळ्यांचे ढीग मांडले जातात. भालाईत, तिरंदाज, घोडेस्वार, तोफेजवळचा गोलंदाज, सिंहासनावरचे महाराज आणि एखादा अंबारीचा हत्ती. हातात मोजके पैसे असलेले मूल त्या ढिगासमोर बराच वेळ रेंगाळते. हत्ती देखणा असतो, पण त्याच्या किमतीत पाच-सात मावळे येतात. किल्ल्याला दोन दरवाजे आणि चार बुरूज असतील तर पहाऱ्याला माणसे लागणारच. शिवाय मातीच्या अरुंद पायऱ्यांवर हत्ती उभा राहात नाही. शेवटी बहुतेक मुले मावळे घेतात आणि हत्तीकडे एकदा वळून पाहतात.

ठरलेल्या किमतीत कोणते सैनिक घ्यावेत, या एका प्रश्नावर एक संपूर्ण खेळ उभा आहे. त्याला 'टेबलटॉप वॉरगेम' म्हणतात. मोठ्या टेबलावर डोंगर, जंगल, नदी आणि घरांच्या प्रतिकृती मांडायच्या, दोन्ही बाजूंनी छोट्या सैनिकांची फौज उभी करायची आणि फासे, मोजपट्टी व नियमपुस्तक यांच्या आधाराने लढाई खेळायची, असे त्याचे स्वरूप. त्याच्या अद्भुतरम्य प्रकारात माणसांबरोबर राक्षस, बुटके, पिशाच्चे, उडते सर्प आणि जादूगारही असतात. भारतातील मोठ्या शहरांतही या खेळाचे हौशी खेळाडू आहेत. नवख्या खेळाडूची पहिली अडचण मात्र लढाईत येत नाही, फौज निवडतानाच येते. नियमपुस्तकात पथकांची लांबलचक यादी असते, प्रत्येकापुढे आठ-नऊ आकडे असतात आणि त्यातले काय घ्यावे हे कोणी सांगत नाही.

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी वसईकरांना लांब जाण्याची गरज नाही. १७३७ ते १७३९ या काळात याच भूमीवर मराठ्यांना आपल्या फौजेची जुळणी बदलावी लागली होती.

खेळाची वंशावळ

लढाईचा खेळ भारताला नवा नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांवरून 'चतुरंग' हे नाव पडले आणि त्यातूनच पुढे बुद्धिबळ आले. मात्र बुद्धिबळात दोन्ही बाजूंची फौज सारखीच असते आणि ती निवडावी लागत नाही. निवडीचा विचार सापडतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि अटवी अशी सैन्याची सहा प्रकारची बले सांगून, कोणते बल कोणत्या प्रसंगी वापरावे याची चर्चा कौटिल्याने केली आहे. मौल म्हणजे पिढीजात निष्ठेचे सैन्य, भृत म्हणजे पगारी, अटवी म्हणजे रानातल्या लोकांचे. चतुरंगातील कोणत्या अंगाला कोणती भूमी मानवते, हेही त्याने स्वतंत्रपणे सांगितले आहे. 'सर्वांत बलवान कोण?' असा प्रश्न तो विचारत नाही. 'कोठे, केव्हा आणि कशासाठी?' असे तो विचारतो.

आधुनिक वॉरगेमचा उगम प्रशियात झाला. फॉन राइसविट्झ या पिता-पुत्रांपैकी वडिलांनी १८१२ साली असा खेळ राजापुढे मांडला आणि १८२४ साली मुलाने त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात तो खेळ वापरला गेला. १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांचा नियमबद्ध खेळ घराघरांत नेला. १९७१ साली अमेरिकेत निघालेल्या 'चेनमेल' या नियमपुस्तकाच्या पुरवणीत जादूगार आणि ड्रॅगन आले. १९८३ साली ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 'वॉरहॅमर' बाजारात आणला. त्याचे मूळ रूप २०१५ साली थांबून त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आला, तर २०२४ साली 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने जुन्या धर्तीचा खेळ परत आला.

गुणांचा हिशेब

या खेळांमध्ये प्रत्येक सैनिकाला एक किंमत असते. तिला गुण म्हणतात. दोन्ही खेळाडूंनी समजा एक हजार किंवा दोन हजार गुणांची मर्यादा ठरवली, की त्या मर्यादेत आपापली फौज उभी करायची. साधा भालाईत स्वस्त असतो, चिलखती स्वार महाग, आणि ड्रॅगनवर बसलेला सरदार तर अर्धी फौज गिळून टाकण्याइतका महाग असतो.

केवळ महागडी पथके घेऊन कोणी येऊ नये म्हणून नियमांची वेसणही असते. 'वॉरहॅमर'च्या २०१० सालच्या आठव्या आवृत्तीत एकूण गुणांपैकी किमान २५ टक्के गुण साध्या, मूळ पथकांवर खर्च करणे बंधनकारक होते, तर दुर्मीळ पथकांवर २५ टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नसे. फौजेचा कणा सामान्य शिपायांचाच असतो, हे वास्तव या नियमाने खेळात आणले.

येथे नवख्याची पहिली चूक होते. महाग म्हणजे चांगले, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः किंमत ही पथकाच्या सर्व क्षमतांची बेरीज असते. त्यातल्या ज्या क्षमता या लढाईत वापरल्याच जाणार नाहीत, त्यांचेही गुण मोजावे लागतात.

आकडे कसे वाचावेत

पथकापुढच्या आकड्यांत चाल, हातघाईचे कौशल्य, नेम, बळ, काटकपणा, चपळाई, वारांची संख्या आणि मनोधैर्य यांचा समावेश असतो. वार लागला का, लागला तर जखम झाली का आणि चिलखताने ती अडवली का, असे तीन टप्पे फाशांनी ठरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक भालाईत ८ गुणांचा आणि एक चिलखती स्वार २४ गुणांचा आहे. भालाइताचा वार ४ किंवा अधिक दान पडल्यास लागतो, म्हणजे निम्म्या वेळा. जखमही निम्म्या वेळा होते. समोरच्याचे चिलखत तीनपैकी एक जखम अडवते. तेव्हा दहा भालाइतांच्या दहा वारांतून पाच लागतात, अडीच जखमा होतात आणि सरासरी १.६७ शत्रू पडतात. स्वार अधिक कुशल आणि बलवान असल्याने त्याचा वार व जखम, दोन्हींना ३ पुरतात, म्हणजे तीनपैकी दोन वेळा यश येते. दहा स्वारांच्या दहा वारांतून सरासरी २.९६ शत्रू पडतात.

वरवर पाहता स्वार सरस ठरतात. पण दहा स्वारांना २४० गुण लागले. तेवढ्याच गुणांत तीस भालाईत येतात आणि सगळ्यांना वार करण्याची संधी मिळाली तर ते सरासरी पाच शत्रू पाडतात. मग स्वारांचे तिप्पट गुण कशासाठी? मुख्यतः वेगासाठी. मोकळ्या मैदानात स्वार शत्रूच्या कुशीवर किंवा पिछाडीवर जाऊन आदळतो, लढाईची जागा तोच निवडतो, शिवाय अरुंद जागेत तीस भालाइतांपैकी पुढच्या रांगांचेच हात चालतात. मैदान मोकळे असेल तर स्वारांचे २४० गुण वसूल होतात. टेबलावर उंच तट, खंदक आणि दलदल असेल तर मात्र वेगापोटी मोजलेले गुण वाया जातात.

पथकांची कामे

म्हणूनच अनुभवी खेळाडू पथकांची यादी ताकदीनुसार न लावता कामानुसार लावतात. पहिले काम जागा धरून ठेवण्याचे. हे साध्या पायदळाचे. ते फारसे शत्रू मारत नाही, पण दाट रांगांमुळे लवकर हटत नाही. दुसरे काम घाव घालण्याचे. चिलखती स्वार, राक्षसी प्राणी आणि निवडक पथके त्यासाठी असतात. ती धावा करताना भयंकर असतात, पण पहिल्या फेरीत शत्रू मोडला नाही तर स्वतः अडकून पडतात. तिसरे काम दुरून मारा करण्याचे. तिरंदाज, बंदूकधारी आणि तोफा शत्रूला जागेवर बसू देत नाहीत, मात्र त्यांच्यापुढे संरक्षण लागते.

चौथे काम अडथळा आणण्याचे. हलके स्वार, टेहळे आणि उडते प्राणी शत्रूची मोठी पथके भलतीकडे खेचतात. त्यांनी एकही शत्रू मारला नाही तरी त्यांचे काम झालेले असते. पाचवे काम विशेष साधनाचे. खेळात ते जादूगार करतो, इतिहासात ते सुरुंग लावणारे करीत. अशी पथके हातघाईत दुबळी असतात आणि त्यांचे यश अनिश्चित असते, पण अन्य कोणाकडून होणार नाही ते काम ती करतात. सहावे काम सेनापतीचे. त्याची तलवार किती मारते यापेक्षा त्याच्या आसपासची माणसे किती टिकतात, हे महत्त्वाचे असते.

वसईचा पट

आता हाच हिशेब वसईच्या भूमीवर मांडून पाहता येईल. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे त्यांनी येथे दगडी तटाचे भक्कम शहरच वसवले. तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल आणि उत्तरेकडून तेवढी रेताड जमीन. तटावर तोफा. मराठ्यांची ख्याती होती ती चपळ घोडदळाची, शत्रूची रसद तोडण्याची आणि मोकळ्या मुलखात त्याला दमवण्याची. वसईच्या तटासमोर या घोडदळाला धावायला जागाच नव्हती.

१७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेला सुरुवात झाली, तेव्हा पहिले यश मिळाले ते माहितीच्या बळावर. अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारख्या स्थानिक मंडळींनी वाटा, खाड्या आणि शत्रूच्या कच्च्या जागा दाखवल्या. ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम अजून पुरे झालेले नव्हते. तेथे अचानक हल्ला झाला आणि ठाणे पडले. साष्टी हाती आली. त्याच महिन्यात विरारजवळचे अर्नाळा बेटही मराठ्यांनी घेतले. खेळाच्या भाषेत, टेहळे आणि हलकी पथके यांनी कमी किमतीत मोठे काम केले.

खुद्द वसईसमोर मात्र हा वेग थांबला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. शिडी हे स्वस्त साधन आहे, चढणारा शूर आहे. पण तट अभंग असताना आणि त्यावरच्या तोफा शाबूत असताना शिडीपर्यंत पोहोचेपर्यंतच माणसे पडतात. शौर्य कमी पडले नव्हते. समोरच्या भूमीवर हाती असलेले साधनच लागू पडत नव्हते.

बदललेली यादी

१७३८-३९ च्या हंगामात यादी बदलली. जानेवारी १७३९ मध्ये उत्तरेकडचे केळवे-माहीम आणि तारापूर घेतले गेले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा पडला. दक्षिणेकडे वेसावे आणि धारावी हाती आल्यावर वसईचा शेजार तुटला. तिकडे गोव्यात व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने दडपण आणल्याने राजधानीतून वसईला मोकळ्या हाताने मदत पाठवणे पोर्तुगीजांना कठीण झाले. समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्रे यांचे आरमार होते. यापैकी कोणीही वसईच्या तटाचा एक दगड हलवला नाही. तरीही त्यांच्याविना तो हलला नसता. अडथळा आणणाऱ्या पथकांचे मोल ते हेच.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. उत्तरेकडच्या रेताड जमिनीतून मोर्चे पुढे सरकू लागले आणि तटाखाली सुरुंग खणण्याचे काम सुरू झाले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे माळव्यात घोडदौडीने नाव कमावलेले सरदारही या वेढ्यात होते. त्यांच्या माणसांना येथे घोडी बाजूला ठेवून तटाखालच्या मोर्च्यांत उभे राहावे लागले.

सुरुंग खणणारा मैदानी लढाईत कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्याच्या हातात कुदळ असते आणि पाठीवर शत्रूची नजर. वरून दगड, पेटते पदार्थ आणि गोळ्या येतात. म्हणून त्याच्या रक्षणासाठी बंदूकधारी, मारा चालू ठेवण्यासाठी तोफा आणि भगदाड पडताच आत शिरण्यासाठी पायदळ तयार ठेवावे लागते. एका दुबळ्या पथकाभोवती सारी बलवान पथके उभी राहतात, तेव्हा ते दुबळे पथक निर्णायक ठरते.

१३ मे १७३९ रोजी सुरुंग उडवून हल्ला झाला. तटाला भगदाड पडले. पण सगळे सुरुंग एकाच वेळी उडाले नाहीत. एक उशिरा उडाला आणि पुढे सरसावलेली मराठ्यांचीच माणसे त्यात सापडली. वॉरगेममध्ये तोफ किंवा जादू उलटण्याचे दान असते आणि ते पडले की खेळाडू हळहळतो. त्या दानामागची खरी गोष्ट ही आहे. तरीही हल्ला थांबला नाही. भगदाडावर पाय रोवले गेले आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा घेऊन २३ मे रोजी त्यांनी वसई सोडली.

टिकून राहण्याचे गणित

शिड्यांचे हल्ले फसल्यानंतर आणि इतकी माणसे गमावल्यानंतरही फौज तटासमोर का टिकली, याचे उत्तर आकड्यांच्या रकान्यात शेवटी असलेल्या मनोधैर्यात आहे. जुन्या 'वॉरहॅमर'मध्ये हातघाईत हरलेल्या पथकाला दोन फासे टाकावे लागत. बेरीज मनोधैर्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर पथक टिके, अन्यथा पळ काढी. मनोधैर्य ७ असेल तर टिकण्याची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे सुमारे ५८ टक्के असते. ९ असेल तर ती ८३ टक्क्यांवर जाते.

लढाईत जितक्या फरकाने हार, तितका हा आकडा घटतो. तीनच्या फरकाने हरलेल्या ७ मनोधैर्याच्या पथकाला ४ किंवा कमी बेरीज हवी असते. ती शक्यता जेमतेम १७ टक्के. त्याच पथकाजवळ ९ मनोधैर्याचा सेनापती असेल तर त्याचा आकडा पथकाला वापरता येतो आणि शक्यता ४२ टक्के होते. सेनापतीने एकही वार न करता हा फरक पडतो. वसई हाती येत नसेल तर आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका, असे चिमाजी आप्पा म्हणाल्याची आख्यायिका वसईत आजही सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता कशीही असो, सेनापती जवळ असल्याने सैन्य कसे टिकते हे लोकांनी नेमके ओळखले होते, एवढे त्यातून दिसते.

नवख्यांसाठी

फौज निवडताना प्रत्येक पथकापुढे तीन प्रश्न लिहावेत. याचे काम काय? ते काम करण्याच्या जागेपर्यंत ते कशाच्या आडोशाने पोहोचणार? आणि ते पडले तर त्याचे काम दुसरे कोण करणार? तिन्हींना उत्तर नसेल तर पथक कितीही देखणे असले तरी यादीतून काढावे. एकाच महागड्या वीरावर निम्मे गुण लावणे, तोफा घेऊन त्यांना रक्षक न देणे आणि शंभर प्रकारची दोन-दोन माणसे गोळा करणे, या नेहमीच्या तीन चुका याच कसोटीवर उघड्या पडतात.

पैशांचा प्रश्नही आहेच. परदेशी कंपन्यांच्या प्रतिकृती महाग असतात आणि रंगवण्याचे साहित्य वेगळे घ्यावे लागते. आई-वडिलांनी यात अडवणूक करण्यापेक्षा क्रम बदलायला सांगावा. आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर पथकांची नावे लिहावीत, तीच फौज चार-पाच वेळा खेळून पाहावी, आणि जे पथक खरोखर कामाला आले तेवढेच विकत घ्यावे. अधिकृत स्पर्धांत अस्सल प्रतिकृती लागतात. घरच्या टेबलावर दिवाळीतले मावळेही चालतात. मोजपट्टी, सहा फासे आणि एक जुनी चादर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

खेळ संपल्यावर पडलेले सैनिक पुन्हा डब्यात जातात आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहतात. वसईच्या तटाखाली पडलेल्यांना ती मुभा नव्हती. मुलाला हा खेळ शिकवताना एखाद्या सकाळी किल्ल्यात न्यावे आणि उत्तरेकडच्या तटाशी उभे करून, येथे कोणती पथके आणली असतीस, असे विचारावे. तो प्रथम घोडदळाचे नाव घेईल. मग तटाची उंची पाहील, खाडीकडे पाहील आणि यादी बदलू लागेल.